मलिकाचा हात

वडशाच्या स्टेशन रोडवर अयूबभाईंचा फोटो स्टुडिओ होता. आत काळा गेलेला माणूस फोटोत गोरा होऊनच बाहेर पडायचा, आणि याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. हिवाळ्यात नाटकवाल्यांच्या नट्या यायच्या, एरवी लग्नाच्या मुली. सगळ्यांना भाई दिव्यांच्या झोतात बसवायचे. दोन हजार चार साली कॉम्प्युटर आला, मग तर विचारूच नका. कोवळ्या उन्हाचा एक खास रंग भाईंनी जमवला आणि दिसेल त्या चेहऱ्यावर सढळ हातानं ओतायला लागले.

एका चेहऱ्यापाशी मात्र त्यांचा हात थबकायचा. त्यांची बायको मलिका जाऊन तीन वर्षं झाली होती. लग्न झालं तेव्हा सून सावळी म्हणून घरच्यांनी नाकं मुरडली होती. म्हणून भाईंनी चारही दिवे तिच्या तोंडावर रोखून फोटो काढला. ती म्हणाली होती, "इतका उजेड नका टाकू जी, मीच दिसनार नाई." भाई हसले होते. पुढे ती कॅमेऱ्यासमोर कधी बसलीच नाही.

तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो तेवढा उरला. त्यातला पांढराफटक चेहरा बघून बघून तिचा खरा चेहराच भाईंना आठवेनासा झाला होता. तो एकदा परत दिसावा, एवढंच त्यांना हवं होतं.

अशात धानोऱ्याकडून सोमारी आली, सोबत मुलगी करिश्मा. नवरा पोचू वारला होता. त्याचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, तोही पार अंधारलेला. भाईंनी तो मोठा केला, उजळला, वर आपलं ऊन ओतलं.

"हा कोन व्हय, भाऊ?" सोमारीनं विचारलं.

"पोचूच तर आहे, बाई."

"नाई. याले मी कधी पाह्यलंच नाई."

ती चिडली नव्हती. तिनं करिश्माचं मनगट धरून स्क्रीनला लावलं. "पोरगी बापावर गेली. हा घ्या त्याचा रंग. अन् ऊन एकाच गालावर टाका. सकाळी मोहफुलं वेचाले वाकला का असंच पडे."

भाईंनी आधीचं सगळं काढून टाकलं. अंधाराखाली पोचू शाबूत होता. हनुवटीवरचा व्रण, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, सगळं होतं. करिश्माच्या मनगटाचा फोटो काढून घेतलेला रंग तिथं छान मुरला. उजव्या गालावर थोडंसं ऊन आलं आणि सोमारीनं पदर तोंडाला लावला.

"आला," ती म्हणाली.

भाईंना आता धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी त्यांनी घुग्घुसला दिलेल्या अमरीनला बोलावून घेतलं. लेकीनं आईचा रंग घेतला होता. तिला दारातल्या उन्हात बसवून फोटो काढला आणि तिच्या गालाचा रंग मलिकाच्या गालावर ठेवला. बसेना. भिंतीवर हळद फासावी तसा वरच्या वर राहिला. नाक कुठं सुरू होतं, तीळ कुठं होता, काही कळेना. पोचू निदान अंधारात तरी होता. इथं दिव्यांच्या झोतानं सगळं धुऊन नेलं होतं, वर काढायला काही नव्हतंच.

"अब्बा, राहू द्या आता," अमरीन म्हणाली.

पण फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, झोताच्या बाहेर, मलिकाचा डावा हात मांडीवर होता. भाईंनी रंग तिथं लावून पाहिला. मुरला. नखं आली, बांगड्या आल्या, अंगठ्याजवळचा तव्यानं भाजल्याचा डाग आला. तो डाग भाई साफ विसरून गेले होते. ते ढसाढसा रडले.

आता स्टुडिओत शिरताच समोर तोच हात दिसतो, उन्हात ठेवलेला, मोठ्या फ्रेममध्ये. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भाई, यातला चेहरा कुठी गेला?"

भाई चारातले दोन दिवे बंद करतात.

"तो मीच पुसला," म्हणतात.