न मारलेली दुसरी फेरी

ही गोष्ट सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात विनायकच्या बायकोचा, शैलजावहिनींचा फोन आला, "सदाभाऊजी, हे गेले," आणि ज्याच्यापासून लपवत होतो तोच राहिला नाही...

विनायक आणि मी हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, गोरखी भागातल्या शाळेत एका बाकावरचे. पुढे तो कॉलेजात फिजिक्स शिकवू लागला, मी मत्स्य खात्यात चिकटलो. शहराबाहेरच्या धरणात मासे किती, हे जाळं न टाकता आवाजाने मोजायची कल्पना त्याची. होडीखालचं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं. माशावर आपटून परत आलेला आवाज कागदाच्या गुंडाळीवर ठिपका होऊन उमटायचा. पण धरणाच्या तळाशी बुडालेल्या बाभळीही होत्या, त्यांचेही ठिपके उमटत. म्हणून विनायकचा नियम होता, त्याच रेषेवरून दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. जागेवर राहिलं ते झाड, हललं तो मासा.

पहिली फेरी आम्ही दोघांनी मारली. दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉलेजात परीक्षा होती. "सदा, उद्या तू एकटा. होडी हळू चालव यार, घाई नको." माझ्याकडे पुतणीचा साखरपुडा होता. मी धरणावर गेलोच नाही. घरी बसून आकडे मनाने लिहिले आणि त्याला सांगितलं, कागद भिजला, पण वहीत सगळं घेतलंय, बहुतेक ठिपके हलले.

अहवालात मासे भरपूर निघाले. त्याच्या भरवशावर जादा होड्यांना परवानगी मिळाली, आणि जाळी रिकामी वर आली. बैठकीत एक म्हातारा मच्छीमार उठून म्हणाला, "मास्साब, आपकी मशीन तो बबूल गिनती है!" सगळे हसले. मीही हसलो. मोजणी कायमची बंद झाली. 'बबूलवाले मास्साब' हे नाव मात्र विनायकच्या मागे शहराच्या दुसऱ्या टोकाला, पार किला गेटपर्यंत गेलं.

त्याने मला एकदाच विचारलं, "दुसरी फेरी नीट झाली होती ना रे?"

"झाली होती."

त्याने विश्वास ठेवला, आणि पुढची सगळी वर्षं यंत्रातली चूक शोधत राहिला. दिवाळीला फराळाला गेलो की टेबलावर ते यंत्र उघडं पडलेलं असायचं. वहिनी म्हणायच्या, "ताट तिकडे नका ठेवू, तिथे माझी सवत बसलीय." तो हसायचा. "सापडेल गं. माझंच कुठेतरी चुकलंय."

त्याचं काही चुकलं नव्हतं. यंत्रही बरोबर होतं. हे मी खात्याला लेखी कळवलं आहे, मच्छीमारांच्या सोसायटीत सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं आहे, आणि आता इथे लिहितो आहे. वहिनींना सगळ्यात आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगताय? त्यांना सांगायचं होतं."

यंत्र अजून टेबलावर तसंच आहे. शेजारी वही. डावीकडे पहिली फेरी त्याच्या अक्षरात, उजवीकडे दुसरी माझ्या. गेल्या दिवाळीत त्या उजव्या पानावर बोट ठेवून मी म्हणालो होतो, "विनू, ही फेरी..."

तो चष्मा पुसत लगबगीने जवळ आला. "काय, सापडलं काही तुला?"

"नाही... चहा थंड होतोय तुझा."