नरहररावांच्या दोन खुर्च्या

नरहरराव देवपुजारी हरवतील असं त्यांच्या इंद्रपुरी वस्तीत कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पस्तीस वर्षं घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. हरवायला दुसरा रस्ता तरी नको का? आणि हेच गृहस्थ, मुंबईहून निघालेल्या त्या अगडबंब क्रूझवर, भर समुद्रात दिसेनासे झाले!

एक वाजता जेवायला आले नाहीत, तेव्हापासून त्यांच्या बायकोचा, वसुधाताईंचा, जीव टांगणीला लागला होता. नरहररावांना साखर, वेळेवर पोटात काही गेलं नाही की चक्कर येते. मोबाइल केबिनमध्येच पडलेला. कान मशिनींच्या आवाजानं अधू, त्यामुळे स्पीकरवर नाव पुकारूनही उपयोग नाही. जेवणाचा हॉल पाहिला, नाटकाचं थिएटर पाहिलं, पोहण्याचा तलाव पाहिला. जहाज कसलं, मजल्यावर मजले चढवलेलं, त्यांच्या शहरातलं अख्खं टी. टी. नगरच ते! तीन वाजता वसुधाताईंनी कठड्यावरून खाली पाणी पाहिलं आणि त्या झटकन मागे सरल्या.

"आई, टेन्शन नको घेऊ, मिल जाएंगे," मुलगा अंबरीश म्हणाला. चेहरा त्याचाच पांढराफटक.

"कुठे मिलतील? मी म्हटलं होतं, पचमढीला जाऊ. तर नाही! साहेबांना जहाज हवं!"

तेवढ्यात आठ वर्षांच्या नातीला, सुरुचीला, रडू फुटलं. "आजी, मीच आजोबांना बोलले होते, स्लाइडच्या तिथे दो कुर्सी पकडून ठेवा, मी आत्ता येते. फिर मैं खेलने गई और भूल गई."

"किती वाजता गं?"

"साडेअकराला."

"ती स्लाइड तर हवेमुळे कधीच बंद केली. इतका वेळ तिथे कोण बसेल?" अंबरीश म्हणाला.

"तुझा बाप बसेल!" म्हणत वसुधाताई जिन्याकडे धावल्यासुद्धा. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायची नाही, हा कारखान्याचा नियम. बदलीचा माणूस आला नाही की नरहरराव दुसरी पाळीही करत, आणि घरी वसुधाताई झाकलेल्या ताटापुढे बसून त्या नियमाच्या नावानं बोटं मोडत. अंबरीशच्या मुंजीला बाप पोचला तो मंगलाष्टकं संपल्यावर!

अकराव्या मजल्यावर, पार मागच्या टोकाला, सगळ्या खुर्च्या घडी करून बांधून ठेवल्या होत्या. उरल्या होत्या दोन. एकीवर टॉवेल, दुसरीवर उन्हानं तांबडेलाल झालेले नरहरराव.

"आली का सुरुची?" त्यांनी विचारलं. "जहाजाचा माणूस दोनदा आला खुर्च्या न्यायला. मी परत पाठवला."

"अहो, चार तास! भूक नाही लागली?"

"लागली ना. हात कापतायत बघ. पण मी उठलो आणि पोर आली असती म्हणजे? एवढ्या पाण्यात एकटी घाबरली असती."

वसुधाताईंना हसावं की रडावं कळेना. आधी त्या रडल्या, पोटभर. मग पर्समधलं बिस्कीट काढून स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या तोंडात घातलं, तेही परक्या माणसांसमोर.

"पस्तीस वर्षं कानीकपाळी ओरडले," त्या नाक पुसत म्हणाल्या. "बरं झालं बाई, सुधारला नाहीत ते."