चिऱ्याची जाडी

वाफ्याला माती किती लागेल ते काढताना मी वाफ्याचं माप बाहेरून घेतलं. एवढंच केलं. यात मूर्खपणा तो काय, असं ज्याला वाटत असेल त्याने माझ्यासारखा चिऱ्याचा वाफा बांधावा आणि मग माझ्याकडे चहाला यावं.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे बासष्ट वर्षांची. त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. आता पासष्टी ओलांडल्यावर थोडी अक्कल आली आहे, पण ती वापरायला गुडघे उरलेले नाहीत.

आमचं घर सड्यावर. सडा म्हणजे नुसता कातळ. खुरपं मारलं तर खुरप्यालाच लागतं. अंगणात लाल भाजी आणि चार अबोल्या लावायची मला हौस आली, म्हणून गवंड्याकडून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे दोन थर रचून वाफा बांधून घेतला. पाणी साचून राहू नये म्हणून त्याने तळाला दगडगोटे भरले, चांगले अर्ध्या उंचीपर्यंत. भरताना मी शेजारीच उभी होते, हातात त्याच्या चहाचा कप घेऊन. म्हणजे मी पाहिलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

मोबाइलवर एक बाई सांगत होती, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, की झालं. मला हसूच आलं. अगं, मापं तू मला शिकवणार? चाळीस वर्षं मी गावातल्या बायकांची पोलकी शिवली. टेप माझ्या गळ्यातच असतो, मंगळसूत्राच्या जोडीला. पण पोलक्याचं माप अंगाच्या बाहेरून घेतात आणि वर शिलाईसाठी माया ठेवतात. हाताला तीच सवय. मी वाफ्यालाही तसाच टेप लावला. या कडेपासून त्या कडेपर्यंत आठ फूट, रुंदी चार फूट, उंची जमिनीपासून थेट वरपर्यंत. मग चारी बाजूंनी माया. माती नंतर खाली बसते असं ती बाई म्हणाली होती, म्हणून आणखी थोडी. मशीनच्या फळीवर खडूने गुणाकार केला, आलेला आकडा बघून स्वतःवरच खूश झाले आणि यजमानांना हाक मारली.

"ट्रॉली भरून माती लागतली," मी म्हटलं.

"तू म्हणतंस म्हणजे लागतली," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. आमचा संसार याच वाक्यावर उभा आहे.

सड्याच्या खाली आमचे भाताचे दोन कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे आहेत. ते माझी थोरली जाऊ कसते. सगळे तिला अक्का म्हणतात. सत्तरीची आहे, कुणग्यांजवळच एकटी राहते, आणि वर्षाचा भात तिचा त्याच दोन कुणग्यांतून येतो. मी तिला विचारलं, "अक्का, वाफ्याक माती व्हयी होती."

"ने गो. बांधाकडच्या कोपऱ्यातली ने, थंय गाळ येवन बसलो आसा." एवढं सांगून ती लेकीकडे आरोंद्याला गेली.

मी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. बांधाकडचा कोपरा, म्हटलं, आणि ट्रॉली भरून. हे शेवटचं दोनदा सांगितलं.

माती अंगणात पडली तेव्हा तो ढीग बघून शेजारचं मांजर पळून गेलं. ढिगाची एक बाजू तांबडी होती आणि एक काळी. काळी माती हातात घेतली तर रव्याच्या लाडवासारखी अलगद फुटायची. मी अर्थातच काळी आधी भरायला घेतली. घमेल्यामागून घमेलं ओतत गेले आणि बघते तर वाफा काठोकाठ भरलेला. मागे वळून पाहिलं. ढीग जागच्या जागी. वाटलं, मी विसरून पुन्हा ढिगावरच ओतत होते की काय.

यजमान बाहेर आले. "वाफो भरलो?"

"भरलो."

"मगे ही उरली ती काय आमी खावची?"

मी ढिगाभोवती एक फेरी मारली. आणि ते, मिश्किल माणूस, माझी मजा बघायला वाफ्याच्या कडेवर बसले. चांगले ऐसपैस बसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस ज्याच्यावर ऐसपैस बसतो त्या जागेत माती मावत नाही! नऊ इंच जाडीचा चिरा या बाजूला, नऊ इंच त्या बाजूला. आत उरलं ते साडेसहा फूट बाय अडीच. निम्मी जागा चिऱ्यांनी खाल्ली, राहिलेल्यातली निम्मी गोट्यांनी. मातीला आला चौथा हिस्सा. आणि मी दगडाला पोलकं शिवून बसले होते, वर माया ठेवून.

त्या दिवशी आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. तो हसण्याचा शेवटचा दिवस.

बी पेरून, अबोल्या लावून चार दिवस झाले आणि लाल भाजीचे कोंब वर आले, बोटभर अबोल्यांनी माना धरल्या. अक्काही आरोंद्याहून परत यायची होती. म्हटलं, खाली जाऊन तिच्यासाठी घर उघडून ठेवावं, जाता जाता कोपरा बघावा. बांधावर पोचले आणि तिथेच थांबले.

कोपरा तर खरवडला होताच, पण त्याच्या शेजारी मोठा खड्डा पडला होता. तळाला पांढुरकी, टणक माती. ती तरव्याची जागा होती. भात लावायच्या आधी रोपं जिथे दाट पेरून वाढवतात, ती. अक्का वर्षभर तिथे शेण टाकते, पाला कुजवते, राख पसरते. पोराला न्हाऊमाखू घालावं तशी तिने ती माती कसली होती, कितीक वर्षं. कोपऱ्यातला गाळ अर्ध्या ट्रॉलीतच संपला असणार. आणि ट्रॉली भरून म्हटल्यावर ट्रॅक्टरवाल्याने शेजारची भुसभुशीत माती घेतली. त्या बिचाऱ्याला काय म्हणू? वर त्याने चांगलीच घेतली, वैनीसाठी, म्हणजे माझ्यासाठी.

मिरगाचा पाऊस तोंडावर आला होता. तरवा नाही तर लावणी नाही, लावणी नाही तर अक्काच्या घरात भात नाही. आणि ती सगळी काळी माती माझ्या चिऱ्यांच्या आत, अबोल्यांच्या मुळाशी.

संध्याकाळी अक्का आली, हे मला कळलं. रात्रभर मी वाक्यं जुळवली. सकाळी ती दारात उभी राहिली तेव्हा त्यातलं एकही आठवेना. ती ओरडेल म्हणून मी तयार होते. तिचा आवाज सड्यावरून खाडीपर्यंत जातो. पण ती आत आली आणि सरळ माझ्या मशीनपाशी गेली, तिच्या पोलक्याचं कापड तिथे घडी घालून ठेवलं होतं ते उचललं आणि वळली.

दारातून म्हणाली, "बाजारातल्या टेलराकडे देतंय."

बाजारातल्या टेलरकडे! मी सासरी आले तेव्हापासून अक्काच्या अंगावर माझ्या हातचं नसलेलं पोलकं चढलेलं नाही. तिने माझ्या थोबाडीत दिली असती तर मी एवढी हादरले नसते. यजमानांनी पेपर खाली ठेवला. भर सकाळी ते असं कधी करत नाहीत.

"आता?" ते म्हणाले.

"आता काय? वाफो उपसायचो."

मी माझी कोवळी लाल भाजी मुळासकट उलथली. अबोल्या काढून बादलीत ठेवल्या. गोटे दिसेपर्यंत वाफा खरवडला, ढिगातली उरलीसुरली काळी वेचून काढली. पोती भरली. ट्रॅक्टरवाला आला तेव्हा पोत्यांकडे बघून त्याचा आ वासला. "वैनी, हीच माती परत?" मी म्हटलं, "हीच. आणि आता मला काही विचारू नकोस."

खाली कुणग्यात अक्का बांधावर उभी होती, पदर खोचून. पोतं ओतायला गेले की म्हणायची, "थंय नको, हंय." मी आणि यजमान पसरवत होतो, वाकून, लहान मुलांसारखे तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर. शेवटी तिने मूठभर माती उचलली, नाकाशी नेली आणि तशीच खाली सोडली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. दोन आठवडे कळलं नाही. तिची पेरणी झाली ती मी सड्याच्या कडेवरून पाहिली, खाली जायचं धाडस झालं नाही.

माझ्या वाफ्यात मी तांबड्या ढिगातली माती भरली, या खेपेला टेप चिऱ्यांच्या आत धरून. काढलेल्या हिशेबापेक्षा घमेलंभरसुद्धा जास्त लागली नाही. पण ते सांगायला कोणाकडे जाणार?

मग एका दुपारी अक्का आली. हातात लाल भाजीची जुडी, ओली, मुळांना काळी माती. पाट्यावर ठेवली.

"तरव्यात रुजली. भाताच्या आधी तुझी भाजी वर इली," ती म्हणाली.

"आणि तरवो?" मी विचारलं.

"तरवो बरो आसा."

ती मशीनपाशी गेली आणि कमरेची पिशवी उघडून तिने कापड फळीवर ठेवलं. तेच कापड, त्याच घडीत. टेलरकडे ते गेलंच नव्हतं. मी गळ्यातला टेप काढला आणि तिच्या पाठीला लावला. तिने हात वर केले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली,

"ह्याचां माप भायरसून घेतलंस तरी चलात. पण उरलेलां कापाड माझ्या कुणग्यात आणून टाकू नको हां गो."