नुसतं बघणाऱ्यांची यादी

सूर्यवंशींच्या आधी त्यांचं स्टूल यायचं. एका हातात कँटीनमधलं स्टीलचं स्टूल, दुसऱ्या हातात वही. आपल्या पाठीमागे ठाण मांडून म्हणायचे, "तुमचं चालू द्या ताई, मी नुसतं बघायलोय." आता पाठीमागे माणूस बसल्यावर कुणाचं डोंबलाचं काम होतंय? मी एकाच ऑर्डरचा नंबर दोनदा चुकीचा वाचला. ते मात्र तासभर हलले नाहीत.

चाकणला आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करते. मी खरेदी विभागात, सूर्यवंशी कॉम्प्युटर सांभाळायला. मूळचे लातूरकडचे, राहायला दापोडीत. कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात मात्र कायम चपला. आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर कुठून तरी उतरवलेलं फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग ज्या बड्या कंपनीला आम्ही माल देतो, तिचं फर्मान आलं: रीतसर लायसन्स दाखवा, नाहीतर ऑर्डर बंद. विकणारा टाय लावून हजर झाला आणि सगळ्यांना सरसकट महागातलं घ्या म्हणाला. धाकटे मालक सही करायलाच बसले होते. सूर्यवंशींनी अडवलं. "साहेब, पंधरा दिवस द्या. कुणाला काय लागतं ते बघून सांगतो."

आणि खरंच बघितलं त्यांनी. तिन्ही शिफ्टला येऊन बघितलं. तपासणीच्या एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने तिघं बसत आणि लायसन्स तर माणसाच्या नावावर असतं. म्हणून ते ज्याला त्याला सांगत सुटायचे, "खुर्च्या मोजू नका, माणसं मोजा." वहीत तीन रकाने होते. नुसतं बघणारे, थोडं लिहिणारे, सगळं लागणारे. नुसतं बघणाऱ्याला लायसन्सच नको, त्याचं मोबाइलवरही भागतं. आमच्या मोठ्या मॅनेजरांना त्यांनी बेधडक पहिल्या रकान्यात टाकलं. मॅनेजर भडकले, "अहो, मी विभागप्रमुख आहे!" सूर्यवंशी शांतपणे म्हणाले, "हुद्दा नाही विचारायलो साहेब, गरज विचारायलो. आठवडाभरात तुम्ही एक ओळ लिहिली नाही." आम्ही फायलीत तोंड खुपसून हसलो. असा सरळ माणूस मी तरी आमच्या कंपनीत दुसरा पाहिला नाही.

गेटजवळच्या स्टोअरमध्ये येळवंडेकाका होते. कंपनीच्या अलीकडच्याच गावचे, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. सूर्यवंशींचं स्टूल बघून ते उलट हसले. "मला कशाला ते सायेब? आमी निस्तं पडद्यावर नंबर बघतो आन् गाडी सोडतो. मला काय बी लागत न्हाई." गेले पहिल्या रकान्यात. चहा मात्र पाजला त्यांनी, दोन वेळा.

यादी झाली. धाकटे मालक खूश. मीटिंगमध्ये सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सूर्यवंशी इतके लाजले की चष्मा पुसत बसले.

पुढच्याच महिन्यात बड्या कंपनीने माल कमी उचलायला सुरुवात केली. माणसं कमी करायची ठरलं. कुणाची करायची यावर धाकट्या मालकांना डोकं चालवावंच लागलं नाही. यादी टेबलावर तयार होती. पहिला रकाना. साहेबलोक सोडून अकरा जणांना एकेक करून आत बोलावलं. येळवंडेकाका बाहेर आले ते डबा तसाच घेऊन घरी गेले.

सूर्यवंशी धावत केबिनमध्ये शिरले. मी तिथेच कागद घेऊन उभी होते. "साहेब, ही यादी सॉफ्टवेअरची हाय! माणसांची न्हाई!"

मालकांनी वर न बघता विचारलं, "माणसं मोजा, असं तुम्हीच म्हणत होता ना?"

सूर्यवंशी आले तसे बाहेर पडले. नंतर ते कंपनीच्या बसमध्ये चढले की शेजारची सीट रिकामी राहायची. कुणी शिवी दिली नाही, पण कुणी हाकही मारली नाही. मीही नाही. दोन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला.

ते गावी जायच्या आदल्या दिवशी मी दापोडीला त्यांच्या खोलीवर गेले. सामान बांधून झालं होतं. वहिनींनी पाणी दिलं. जे सांगायला आले होते ते मला इतके दिवस कुणालाच सांगता आलं नव्हतं. शेवटी बोलून टाकलं, "सूर्यवंशी, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मला सगळं लागतं म्हणाले, महागातलं मिळावं म्हणून. त्यातलं निम्मं मला उघडताही येत नाही. मीसुद्धा नुसतीच बघते. माझी नोकरी राहिली."

"माहितीय की ताई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग लिहिलंत कशाला?"

"तुम्ही मागितलं म्हणून. एखादं जास्त गेलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणीबी मागितलं असतं तर लिहिलं असतं." ते चपलेचा अंगठा चाचपत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या अकरातल्या एकानंबी मागितलं न्हाई. येळवंडेकाकांना तर दोनदा विचारलं हो मी."