खर्र्याच्या ताटातली बाटली

हेडबाईंनी माझी पर्स टेबलावर उलटी केली.

डबा पडला. कंगवा पडला. रुमाल, किल्ल्या, एक पॅड; काही टेबलावर, काही घरंगळून जमिनीवर. पॅड पाहून गणिताच्या सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, कान मात्र इकडेच ठेवले. शेवटी ती बाटली पडली. तपकिरी काचेची, बोटाएवढी, झाकणाला ड्रॉपर. हेडबाईंनी ती दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर शेपटीला धरून फेकायला न्यावा तशी. लेबलवर पानाचं चित्र होतं.

"हे काय आहे?"

"औषध आहे, मॅडम."

"पान कशाचं आहे हे? मला काय कळत नाही?"

"विजयाचं तेल आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी दिलंय. चिठ्ठी सोबत आहे."

चिठ्ठी त्यांच्या समोरच पडली होती, कंगव्याखाली. त्यांनी ती उचलली नाही. बाटलीचं झाकण उघडलं, हुंगलं, आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बापरे! गांजा!"

ज्यांच्या पोरीच्या लग्नात मी पहाटेपासून वाढायला उभी होते, त्या बाईसुद्धा वह्या तपासत बसल्या. मी खाली वाकून माझ्या किल्ल्या उचलल्या. पॅड उचललं. सगळ्यांच्या पायांजवळून एकेक वस्तू गोळा केली. बाटली मात्र हेडबाईंच्याच हातात राहिली.

मी दिग्रसजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. ते तेल मी रात्री घरी घेते, शाळेत कधीच घेतलं नाही. त्या दिवशी दुपारची रजा टाकून एसटीने यवतमाळला जायचं होतं, डॉक्टरांना दाखवायला, म्हणून बाटली पर्समध्ये होती. डबा काढताना शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना पानाचं चित्र दिसलं. त्यांनी मला विचारलं नाही. सरळ हेडबाईंकडे गेल्या. तोंडावर ताई ताई आणि मागे हा उद्योग.

आजाराला लोक उदासी म्हणतात. उदासी कसली! उदास माणूस गाणं तरी ऐकतो. मला तर शेजारच्या घरातला कुकरसुद्धा सहन व्हायचा नाही. दूध उतू जाताना मी समोर उभी असायचे आणि गॅस बंद करायला हात उचलायचा नाही. केस विंचरायचे म्हणजे डोंगर. शाळेत मात्र जायचे. फळ्याकडे तोंड करून नद्यांची नावं लिहायचे, डोळे पुसायचे, मग वळायचे. मुलांना वाटायचं, मॅडमच्या डोळ्यांत खडू गेला.

नातेवाईक म्हणाले, लग्न करून द्या, बरी होईल. जणू नवरा म्हणजे इंजेक्शन.

यवतमाळच्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी मला बुडू दिलं नाही. पण झोप नव्हती, जेवण नव्हतं, छातीवरचा धोंडा हलत नव्हता. मग त्यांना विचारूनच तिथल्याच एका आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंनी हे तेल दिलं. विजया म्हणजे भांगेचं झाड. त्याच झाडाचं तेल. गोळ्या सोडायच्या नाहीत, मात्रा स्वतःच्या मनाने वाढवायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी दम देऊन सांगितलं.

जादू झाली नाही. जादू होते असं कोणी सांगत असेल तर तो विकायला बसलेला माणूस समजावा. पण हळूहळू झोप लागू लागली. एका सकाळी मला भूक लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन मायला म्हटलं, पातोडीची भाजी कर. माय तिथेच बसून रडली. एवढंच मिळालं होतं मला त्या बाटलीतून. झोप आणि भूक. ज्यांना ती फुकट मिळते त्यांना तिची किंमत कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. शाळा त्यांची, कापसाचं जिनिंग त्यांचं, शाळेमागचं महादेवाचं देऊळही त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. ते ऑफिसात बसले होते आणि त्यांच्या गालात खर्रा होता. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात. सातवीतली पोरंही खातात. भाऊसाहेब बोलायच्या आधी उठले, खिडकीतून खालच्या कुंडीत थुंकले आणि परत येऊन बसले. मला बस म्हणाले नाहीत.

"काय वो, गांजा ओढून राह्यली काय तू?"

कालपर्यंत मी मॅडम होते. 

"ओढत नाही सर. तेल आहे. जिभेखाली थेंब घेते. मला डिप्रेशन आहे."

"डिप्रेशन!" ते हेडबाईंकडे पाहून हसले. "आमच्या घरच्या बाया रातदिस राबतात, त्याइले नाही होत डिप्रेशन. ह्याइले सातवा वेतन आयोग लागला का डिप्रेशन!"

हेडबाई हसल्या. त्यांना हसावंच लागतं.

"तुमच्या लोकाइच्या वस्तीत चालत असन हे. शाळेत नाही चालत."

हे वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं, पानवाल्याला सुट्टे मागावे तसं. माझ्या वस्तीत विहार आहे. दर पौर्णिमेला आम्ही सगळे तिथे बसून पंचशील म्हणतो. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. मी ते बोबड्या तोंडाने पाठ केलं आहे. हा माणूस गालात तंबाखू धरून मला माझी वस्ती सांगत होता, आणि मी मान खाली घालून त्याच्या बुटांकडे पाहत होते.

मग त्यांनी निकाल दिला. शनिवारी शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता.

"स्टेजवर ये. पोराइले सांग, मले व्यसन लागलं होतं, आता सोडलं. शपथ घे, माफी माग. विषय खतम. नाहीतं निलंबनाचा कागद तयार हाये."

बाटली हेडबाईंनी कपाटात ठेवली. मुलांच्या दप्तरातून जप्त केलेल्या खर्र्याच्या पुड्या ठेवतात, तिथेच. मी म्हटलं, मला रात्री लागते ती. दुसरी आणायला यवतमाळला जावं लागेल. रजेचा अर्ज दिला तर हेडबाई म्हणाल्या, "कार्यक्रम होईपर्यंत रजा नाही." आणि चावी पदराला बांधली.

पुढचे दिवस वाईट गेले. झोप गेली, भूक गेली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवायला मी स्वतःला शिव्या द्यायचे. मला भीती निलंबनाची कमी वाटत होती. परत त्या खड्ड्यात जायची जास्त वाटत होती. म्हणून मी ठरवलं, माफी मागू. दोन वाक्यं बोलायची आणि बाटली घेऊन घरी यायचं. कोणाला काय फरक पडतो?

शुक्रवारी संध्याकाळी माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती नोकरीचं विचारेल. तिने हातातली शेंग टोपलीत टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मले खरं सांग. पंचशील मोडलं का तू?"

"नाही माय."

"नशा हाये का औषध हाये?"

"औषध हाये."

"मंग माफी कायची मांगतं?"

"नोकरी जाईन माय."

ती परत शेंगा सोलायला लागली. दाणे सालांत आणि सालं दाण्यांत टाकत होती, म्हणजे नोकरीची भीती तिलाही होतीच. पण आपला प्रश्न तिने मागे घेतला नाही. मला तिचा राग आला. खूप राग आला. तोंडदेखलं तरी म्हणायचं, माग बाई माफी, निभावून ने. तेवढंही म्हणाली नाही.

शनिवारी मैदानावर मांडव. 'खर्रा सोडा, घर जोडा' असा फलक. स्टेजवर जप्तीचं प्रदर्शन मांडलं होतं. टेबलावर स्टीलचं मोठं ताट, ताटात खर्र्याच्या पुड्या, गुटख्याच्या पन्न्या, बिड्यांचं बंडल. आणि मधोमध माझी बाटली. उभी. लेबल मुलांकडे करून.

ते ताट मी ओळखलं. ते देवळातलं होतं.

दर महाशिवरात्रीला भाऊसाहेबांच्या देवळात थंडाई घोटतात. बदाम, बडीशेप आणि भांग. शाळेच्या सगळ्या स्टाफची तिथे ड्युटी लागते. कोणी वाटतं, कोणी घोटतं, कोणी रांग लावतं. माझी ड्युटी दरवर्षी एकच. मागच्या नळावर ग्लास विसळायचे. घोटायच्या भांड्याजवळ मला कधी कोणी उभं केलं नाही. "तुम्ही तिकडंच बरं, मॅडम." उष्टे ग्लास याच ताटांत माझ्यापुढे यायचे. तळाशी हिरवा गाळ असायचा. भाऊसाहेब प्रसाद घेऊन, डोळे लाल करून, खुर्चीत लोळायचे आणि पोरं त्यांच्या पाया पडायची. मी वर्षानुवर्षं तो हिरवा गाळ बोटांनी खरवडला आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही. कसा पडला नाही?

भाऊसाहेबांनी चूळ भरली आणि माईक घेतला. गालातला खर्रा नुकताच मांडवामागे थुंकला होता, दात अजून लाल होते. "पोरांनो, चूक कोणाचीबी होते. आपल्या एका मॅडमचीबी झाली. त्या आज तुमच्यासमोर शपथ घेतीन."

मला माईकपाशी ढकललं. हेडबाई कानाशी कुजबुजल्या, "हात पुढे करा."

समोर माझे सातवीचे वर्ग बसले होते. मी हात पुढे केला. आणि ताटातली बाटली उचलली.

जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"मला डिप्रेशन नावाचा आजार आहे. हे त्याचं औषध आहे. डॉक्टरांनी दिलंय, मी डॉक्टर सांगतात तेवढंच घेते. तुम्ही कोणी स्वतःहून असलं काही घ्यायचं नाही. मन आजारी पडलं तर घरी सांगायचं, डॉक्टरांकडे जायचं. नशा न करण्याची शपथ मी लहानपणीच विहारात घेतली आहे, ती मोडलेली नाही. त्यामुळे माफी मागणार नाही."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. भाऊसाहेब माईककडे यायला लागले. मी त्यांच्याकडे वळले.

"आणि सर, शिवरात्रीला तुमच्या देवळात घोटतात, तेही हेच झाड आहे. तुमचे ग्लास मी विसळलेत. मला वास ओळखता येतो."

भाऊसाहेबांनी माईकची वायर ओढली. त्यामुळे पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. पुढचं काही नव्हतंही. मी स्टेजवरून उतरले, पायरी चुकली, पडता पडता राहिले. पर्स उघडली, बाटली आत ठेवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर्गात जाऊन बसले आणि घामाने भिजलेला ब्लाउज अंगावर वाळेपर्यंत तशीच बसून राहिले.

निलंबन झालं नाही, चौकशी लागली. ती अजून चालू आहे. बाजारात माणसं मला 'गांजावाली बाई' म्हणतात. दोन पालकांनी आपल्या मुली माझ्या वर्गातून काढून घेतल्या. डब्याच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. आजारही गेलेला नाही. काही सकाळी दूध अजून उतू जातं. कोणी मला शूर म्हणू नये, शूर माणसाला रात्री औषध लागत नसेल. मला लागतं. मी घेते. चौकशीत विचारलं तर हेच सांगणार, आणि चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर धरणार. या वेळी ती वाचावी लागेल.

भाऊसाहेबांची लोकं रोज नवीन निरोप आणतात. "मिटवून टाका मॅडम. साहेबाइचं मन मोठं हाये." असेल. मोठ्या मनात त्यांनी स्वतःलाच ठेवावं.

महाशिवरात्र आता जवळ आली आहे. देवळाला रंग देणं चालू आहे. काल हेडबाईंनी शिपाईबाईकडून सांगून पाठवलं, ड्युटी नेहमीचीच, सकाळी लवकर नळावर या.

मी सांगून पाठवलं, येणार नाही. जो प्याला, त्याने ग्लास विसळावा.