खोडलेलं ‘रिक्वेस्ट’

‘आय बेग टू स्टेट’ हे शब्द आजही कुठे दिसले की मला शिसारी येते. एकोणीसशे तीसच्या सुमारास मी लोणावळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे यायचे.

एकदा जवळच्या औंढे गावचा, रेल्वेत गाड्यांसाठी रूळ बदलून देणारा एक सांधेवाला आला. भाताच्या लावणीसाठी दोन दिवसांची रजा काढून तो घरी गेला होता. काम उरकेना, तेव्हा लोणावळ्याला निघालेल्या एका शेजाऱ्याबरोबर त्याने निरोप धाडला की आठवडाभर येत नाही. निरोप धाडला म्हणजे झालं, ही मावळातली रीत. रेल्वेत निरोपाला कोण विचारतो? तो परतला तेव्हा नोकरी गेलेली होती. परत कामावर घ्यावं अशी ‘रिक्वेस्ट’ करणारा अर्ज मी लिहून दिला.

कचेरीतला हेडक्लार्क गोरा नव्हे, आपलाच माणूस. त्याने तोंडातला तोबरा सांभाळत तो शब्द लाल शाईने खोडला, वर ‘बेग’ लिहिलं आणि असला माजोरी अर्ज साहेबापुढे ठेवणार नाही असं सांधेवाल्याला बजावलं. परत आलेल्या कागदावर पानाच्या पिंकेचे शिंतोडेही होते.

माझ्यातला मास्तर उसळला. सांधेवाल्याला समोर बसवून मी दोन्ही क्रियापदांतला फरक समजावला. पहिल्यात माणूस ताठ उभा राहून विनंती करतो, दुसऱ्यात हात पसरतो. साहेब लोक आपसात सभ्यपणा म्हणून ‘बेग’ म्हणतात, त्यात कुणाचं काही जात नाही; तुमच्याकडून म्हणवून घेतात तेव्हा त्यांना भीकच हवी असते. मला वाटलं, तो म्हणेल, राहू द्या पहिलाच शब्द.

त्याने तो कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, “आमच्यात भीक कुणी मागितली न्हाई, मास्तर. पर घरात सात तोंडं हायती. लिवा तुमी.”

मी सुबक अक्षरात ‘बेग’ लिहिलं. त्याने अंगठा उठवला, पण मान वर केली नाही. पुढे त्याला कामावर घेतलं. बाजारात मी दिसलो की मात्र तो रस्त्याच्या पलीकडून जायचा.

हेडक्लार्कला मी कित्येक वर्षं शिव्या घातल्या. पण सांधेवाल्याला अक्षर वाचता येत नव्हतं. मी तोंड उघडलं नसतं, तर आपण भीक मागितली हे त्याला जन्मात कळलं नसतं.