गीत पारंपरिक नाही, आक्काचं आहे

दवाखान्यातून आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात धुतले आणि निघाले. माझी मोठी जाऊ, शेवंता. जन्मभर एका चुलीवर भांडलो, त्यामुळे रडायला वेगळं काही उरलं नव्हतं.

हळदीची गाणी ती स्वतः रचायची. नारळ खवताना ओठ हलायचे, मध्येच हात थांबायचा... मी काही विचारलं की म्हणायची, "गप गो, ओळ जाईल!" लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. गेल्या वर्षी शहरातली एक गायिका आली, घावणे खाल्ले, फोनवर गाणी भरून घेऊन गेली. आक्का खूश होती.

तेरावं होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच शेजारच्या हळदीला तिचं गाणं स्पीकरवर लागलं. आवाज त्या गायिकेचा. मी चौथी शिकले आहे, वाचता येतं. मोबाइलवर गाण्याखाली लिहिलं होतं, 'गीत : पारंपरिक'. वर गायिकेचं नाव, ठसठशीत. मी तिला फोन लावला.

"आजी, लोकगीतं कुणा एकाची नसतात, समाजाची असतात."

"मग तुझं नाव काढ आणि समाजाचं घाल."

तिनं फोन ठेवला. पारंपरिक म्हणजे कोण? आम्ही परवा जाळून आलो ती?

आक्काच्या मुलाला घेऊन रत्नागिरीत वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, गाणं रचणाऱ्याचंच असतं. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही, आणि माणूस गेल्यावर साठ वर्षं तो वारसांचा असतो. "पण कागद नाही. त्यांनीच रचलं, हे कशावरून?"

मी तिथंच त्या गाण्यातली ओळ म्हटली, "वरमामा पळाला गं, काकीनं पळी उगारली." ती काकी मी. आक्काच्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाचा मामा जेवणावरून आक्काला वाटेल ते बोलला, तेव्हाची गोष्ट. परंपरेला माझी पळी कुठून ठाऊक?

मामा अजून आहे, लांज्याला. त्याला साक्षीला आणला. खाली मान घालून म्हणाला, "व्हय, मीच पळालो होतो. पण माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

"तुमचं नाव आक्कानं तेव्हाच गाण्यात घातलं नाही," मी म्हटलं. "पाहुण्याची अब्रू राखली तिनं. आणि त्या गायिकेनं घावणे खाऊन तिचंच नाव पुसलं."